सहाचं ताट

घर, ६ फेब्रुवारी

चि. टाचणीस,
आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन का केला नाही म्हणून विचारू नकोस. आपल्या घरात फोनवर बोललं की खाली दुकानातल्या कटिंगमास्तरापर्यंत सगळ्यांना कळतं आणि प्रत्येकाला त्यावर काहीतरी बोलायचं असतं. कागद बरा, मध्ये तोंड घालत नाही. माझं शिक्षण तुला ठाऊक आहे. तिसरीतून काढलं, पुढची अक्षरं मापाच्या वहीत शिकले. चुका सापडल्या तर तुझ्याजवळच ठेव.

बातमी अशी, की डोळ्याच्या डॉक्टरनं मला परत पाठवलं. मोतीबिंदू पिकलाय, काढायला हवा, हे तोच म्हणाला. आणि काढणार नाही, हेही तोच म्हणाला. रक्त तपासलं तर तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणे नऊ पूर्णांक एक. आठच्या खाली आणा, मग या. साखर जास्त असली की जखम चिघळते, डोळा जायचा. मी म्हटलं, डोळा माझा, गेला तर माझा जाईल, तू काप. तो हसला. हसण्यासारखं मला काही दिसलं नाही. तसंही हल्ली मला काहीच दिसत नाही. मेची वीस तारीख दिली आहे. तेव्हा परत रक्त.

आता खरं दुखणं सांगते. कोटाची काजं मी चव्वेचाळीस वर्षं हातानं करते आहे. या गावात ज्याच्या अंगावर बरा कोट आहे त्याचं बटण माझ्या काजातून जातं. मागच्या महिन्यात एका वकिलाच्या कोटाला खडूच्या खुणेला सोडून बाजूला काज कापलं. चुकीचं शिवलेलं उसवता येतं, चुकीचं कापलेलं काज तसंच राहतं. तुझ्या बापानं मुकाट्यानं कोटाची अख्खी पुढची बाजू बदलली. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मीही बोलले असते आणि विषय मिटला असता. दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीशेजारी तयार कोटांचा ढीग आणि छोटी कात्री ठेवली. दोरे कापायला! चव्वेचाळीस वर्षं काजं केलेली बाई आता दोरे कापते.

जूनपासून काजांचं काम बाहेर मशीनवाल्याकडे द्यायचं म्हणतोय. मी म्हटलं, मेपर्यंत दम धर. धरतो म्हणाला, पण असं म्हणाला की जसं लहान पोराला उद्या नेतो म्हणतात.

तर तू तिथे पांढरे कपडे घालून दीड वर्ष काय शिकतेस ते एकदा कळू दे. गोड सोडलं, भात अर्धा केला, गोळी वेळेवर घेते. यापलीकडे काही असेल तर सांग. नुसतं काळजी घे असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

अभ्यास कर. तुझ्या तिखट जिभेसकट माझा लोभ आहे.
तुझी आजी

नर्सिंगचं वसतिगृह, १३ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. काळजी घे असं लिहीत नाही, कारण टपालखर्च वाया जाईल.

आजी, तू काय खातेस ते सगळ्यांनी विचारलं. कधी खातेस ते कोणी विचारलं नसणार. आपल्या घरी जेवण दहाला. जेवून उठलीस की सव्वादहाला तू आडवी होतेस. आमच्या बाईंनी गेल्याच महिन्यात शिकवलं की तेच ताट दिवसा खाल्लं तर साखर एक चढते आणि रात्री खाल्लं तर दुसरीच चढते. तुला तुझ्या भाषेत सांगते. पोटात मागच्या बाजूला स्वादुपिंड म्हणून एक अवयव असतो. रक्तातली साखर कामाला लावणारा रस तो सोडतो. सकाळी तो हुशार असतो. संध्याकाळ उलटली की मंदावतो, आणि अंधार पडल्यावर झोप आणणारं जे द्रव्य अंगात वाढतं ते त्याला आणखीच सुस्त करतं. तू दहा वाजता भाताचं ताट घेऊन त्याच्या दारात उभी राहतेस तेव्हा त्याची आवराआवर चाललेली असते. मग ती साखर रात्रभर रक्तात फिरत बसते.

म्हणून असं कर. सकाळी आठला नीट खा. मोठं ताट दुपारी एकला. शेवटचं खाणं संध्याकाळी सहाला, त्यानंतर फक्त पाणी. ही जादू नाही हं. कोणाला पुष्कळ फरक पडतो, कोणाला थोडा. म्हणून बोट टोचून साखर बघायचं यंत्र पाठवते आहे, माझ्या विद्यावेतनातून घेतलंय, तेव्हा कौतुक कर. सकाळी उठल्यावर एकदा टोच आणि जेवणानंतर दोन तासांनी एकदा. आकडे लिहून ठेव.

बाबा कुरकुरतील. आई काय म्हणेल सांगता येत नाही, ती कधीच काही म्हणत नाही. तू मात्र कोणाला विचारत बसू नकोस.

टोचत असला तरी लोभ असू दे.
तुझी टाचणी

घर, २५ फेब्रुवारी

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

यंत्र पोचलं. कौतुक केलं असं समज.

तू सांगितलंस आणि मी ऐकलं, असं झालेलं नाही. आधी पडताळून पाहिलं. तीच वाटी भरून भात, तीच शेंगांची भाजी, एक उकडलेलं अंडं. सोमवारी दहाला जेवले, दोन तास डोळे ताणून बसले आणि टोचलं. दोनशे एकतीस. मंगळवारी तेच सगळं सहाला जेवले, आठला टोचलं. एकशे अठ्ठ्याऐंशी. वाटी तीच, तांदूळ तेच, खाणारी थेरडीही तीच. तेव्हा मग तुझं म्हणणं पटलं. आकडे मापाच्या वहीत मागच्या पानावर लिहिते. कटिंगमास्तरानं वही उघडून विचारलं, दोनशे एकतीस छाती कोणाची, एवढं कापड कुठून आणायचं. मी म्हटलं माझी आहे, फुगलेय अभिमानानं.

आता घरातलं ऐक. शटर पडेपर्यंत ताट मांडायचं नाही, हा आपल्या घराचा नियम. तो कोणी केला? मी केला. तुझा आजोबा दुकान नवीन असताना सातला जेवायला वर यायचा आणि जेवला की तिथेच लवंडायचा. खाली गिऱ्हाइकं बंद काचेला नाक लावून परत जायची. मी सांगितलं, शटर पडल्याशिवाय या घरात कोणालाच घास मिळणार नाही, मलासुद्धा नाही. दुकान त्यावर उभं राहिलं. तेव्हा बरोबर होतं.

आता मीच सहाला ताट घेऊन बसते म्हटल्यावर तुझ्या बापाचा चेहरा बघायला हवा होतास. म्हणतो, लोकांना वाटेल आईला वेगळं वाढतात. मी विचारलं, कोणत्या लोकांना, त्यांची साखर किती. तर म्हणे दिवसभर राबून वर यायचं आणि आईची जागा रिकामी, घास उतरत नाही. तुझी आई भांडी पुसत होती. पुसता पुसता म्हणाली, टाचणीच्या वेळी सातवा महिना होता, दहा वाजेपर्यंत डोळ्यापुढे काजवे यायचे, मी न्हाणीघरात कडी लावून पाव खायची. इतकंच. ताट फडताळात ठेवलं आणि गेली.

वीस वर्षांनी बोलायचं काय? पण पाव खाल्लेला मला तेव्हा कळला होता. दोन पाव कमी भरायचे. मी म्हटलं उंदीर असेल.

बापाचं तोंड बंद करायला एक तोड काढली आहे. सहाला जेवते आणि दहाला सगळ्यांबरोबर बसून चार घास खाते. चार घास म्हणजे काही जेवण नव्हे. साडेनऊला गोळी तुझी आई न चुकता हातावर ठेवते. सकाळची साखर एकशे शहाऐंशी होती, ती एकशे बहात्तर झाली आहे. मे अजून लांब आहे.

जागरणं करू नकोस. लोभ वाढवायचा तर आकडे उतरायला हवेत, दोन्ही तुझ्या हाती.
तुझी आजी

वसतिगृह, २ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते, वॉर्डात ड्यूटी आहे.

चार घास म्हणजे जेवणच. स्वादुपिंड घास मोजत नाही, त्याला उठावंच लागतं. काजाच्या टोकाला दोन टाके सोडून दिले तर तू चालवून घेशील का? सहा म्हणजे सहा. दहाला बाबांसमोर हवं तर पाण्याचा पेला घेऊन बस, गप्पा मार, त्यांच्या ताटातली मिरची काढून दे, पण तोंडात काही घालू नकोस. एवढं केलंस तर सकाळचा आकडा आणखी उतरेल, माझ्या नावावर लिहून ठेव.

आणि उंदराचं वाचून मी वॉर्डात हसले. मग हसले म्हणून वाईट वाटलं. आईला कधी सांगशील ते?

लोभ आहेच, तो दहाच्या चार घासांसारखा चोरून नको.
टाचणी

दुकान, १० मार्च

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. तुझी आई म्हणाली फोनवर तू ओरडशील, लिही.

शनिवारी दहाला आम्ही ताटं घेऊन बसलो. आजी नुसता पेला घेऊन बसली होती, चार दिवस तेच चाललं होतं. मी भात कालवत होतो. बघतो तर तिच्या कपाळावर घाम, हात थरथरतायत, पेल्यातलं पाणी अंगावर सांडतंय. मला हाक मारली ती कटिंगमास्तर म्हणून. मग खुर्चीवरून घसरली. मी धरली म्हणून डोकं आपटलं नाही. तुझ्या आईनं बोट टोचलं, बावन्न. तुझ्या आईला कुठून सुचलं माहीत नाही, तिनं साखरेचं पाणी पाजलं. पंधरा-वीस मिनिटांनी आजीनं मला विचारलं की असा मेंढरासारखा का बघतोस. तेव्हा कळलं की ठीक आहे.

टाचणी, तू हुशार आहेस, मला अभिमान आहे. पण तू दीड वर्ष शिकली आहेस आणि मला आई एकच आहे. आजपासून ती आमच्याबरोबर दहाला जेवेल. काजं बाहेर दिली तर दुकान बुडत नाही. तिला दोरेही कापायला नकोत, बसून राहू दे.

तुला वाटेल मी हट्टी आहे. सकाळी नऊपासून मी गिऱ्हाइकांची तोंडं बघतो. दहा वाजता तुमची बघायला मिळतात. दिवसात माझं म्हणून तेवढंच असतं. तेही आता सहा, सात, आठ असं वाटून टाकायचं का?

तू तुझी परीक्षा बघ. लोभ कमी झालेला नाही, भीती वाढली आहे इतकंच.
बाबा

वसतिगृह, १४ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र आलं. ते वाचून मी आमच्या मोठ्या सिस्टरकडे गेले, तुझ्या गोळीचं नाव सांगितलं आणि सगळं खरं सांगितलं. त्यांनी मला जे ऐकवलं ते तुझ्या तोडीचं होतं.

चूक माझी आहे. ती गोळी त्या अवयवाला ढोसून रस काढायला लावते. तिच्यामागून लगेच जेवण जावं लागतं. म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठीवर रात्रीच्या जेवणाआधी असं लिहिलेलं असतं. आपल्या घरात रात्रीच्या जेवणाआधी म्हणजे साडेनऊ, त्याला दुसरा अर्थच नाही, म्हणून आई साडेनऊला देत राहिली. तू जेवण सहावर नेलंस आणि गोळी होती तिथेच राहिली. आधी ते चार घास तिला पुरत होते. तेही मी बंद करायला लावले. मी तुला घड्याळ शिकवलं आणि गोळीचं विचारलंच नाही, आणि तू मला पत्रात साडेनऊ असं लिहिलेलं होतंस. मी वाचलं आणि पुढे गेले.

आजी, बाबा म्हणतात तसं दहाला जेव. गोळी स्वतःच्या मनानं पुढेमागे करू नकोस, सोडूही नकोस, साखरेच्या डॉक्टरीणबाईंना विचार. मी यापुढे काही सांगणार नाही. परीक्षा पास होईपर्यंत तरी नाही.

लोभ मागायची आज हिंमत नाही.
टाचणी

घर, २२ मार्च

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रडून झालं असेल तर नाक पूस आणि वाच.

मी घसरले, मेले नाही. तुम्ही बापलेकींनी मिळून मला दहाच्या पंगतीत बसवायचं ठरवलंत, मला विचारलं कोणी? चूक घड्याळाची नव्हती, गोळीची होती. शिवताना बाही उलटी लागली तर बाही उसवतात, कोट फेकून देत नाहीत. एवढं तुझ्या बापाला कळायला हवं, धंदा त्याचा आहे.

तुझं पत्र आलं त्याच सकाळी मी मापाची वही आणि चिठ्ठी पिशवीत घातली आणि बसनं डॉक्टरीणबाईकडे गेले. एकटी. बसचा नंबर दिसत नव्हता, तो एका बाईला विचारला. तिनं मला रस्ताही ओलांडून दिला, मी मागितलं नव्हतं. बाईंनी विचारलं, गोळी कधी घेता. म्हटलं जेवणाआधी. जेवता कधी? सहाला. गोळी किती वाजता? साडेनऊला. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला. मग माझी वही मागितली. बरीच पानं चाळली, मध्ये कोणाची तरी कंबर आणि पायाची लांबीही वाचली बिचारीनं. म्हणाल्या, जेवण लवकर केल्यावर तुमच्या सकाळच्या साखरेत खरंच फरक दिसतोय, सगळ्यांच्यात असा दिसतोच असं नाही, पण मला एक फोन का केला नाहीत? जेवणाची वेळ हलवली की औषधाची हलवावी लागते. संध्याकाळची गोळी बंद केली, सकाळच्या खाण्याबरोबर दुसरी दिली, ती म्हणे अशी दगा देत नाही. सहाचं ताट चालू ठेवा म्हणाल्या. आणि खिशात खडीसाखर ठेवायला सांगितली, हातपाय कापले तर. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणी डॉक्टरनं मला साखर खायला सांगितली.

परत आले तर दुकानात तुझा बाप तोंड पांढरं करून उभा. मी कुठे गेले कोणाला सांगितलं नव्हतं. दोन गिऱ्हाइकं मापं द्यायला आली होती, त्यांच्यासमोरच मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. सांगितलं, शटरचा नियम मी केला होता. करताना कोणाची परवानगी काढली नव्हती, मोडतानाही काढणार नाही. आजपासून या घरात ज्याला जेव्हा भूक लागेल त्यानं तेव्हा जेवावं. तो म्हणाला, मग एकत्र कधी बसायचं. मी म्हटलं, बसायला भात लागतो का? दहाला मी रिकामी बसेन, तू जेव, मी बोलते. तुझ्या तोंडात घास असला की तू उलट बोलत नाहीस, मलाही ते सोयीचं आहे. एक गिऱ्हाईक हसलं. त्याची छाती मी मुद्दाम आवळून मोजली.

वर गेले तर तुझी आई ओट्याशी पाठमोरी उभी. खांद्यावरून कळलं की रडते आहे. म्हणे, गोळी रोज मीच हातावर ठेवत होते, तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? मी म्हटलं, तुला मारायचंच असतं तर वीस वर्षं वाट बघत बसली नसतीस, आणि साखरेचं पाणीही पाजलं नसतंस. मग ते पावाचंही सांगून टाकलं. मला ठाऊक होतं आणि मी उंदीर म्हणून गप्प राहिले. चूक झाली असं म्हटलं की नाही ते आता आठवत नाही. म्हटलं असेल.

तिनं डोळे पुसले. मी दोन ताटं घेतली, म्हटलं चल, सहा वाजतायत, बस माझ्याबरोबर. तर काय म्हणाली असेल? मला सहाला भूक नसते. मला साडेसातला लागते. तुमचं सहा नको, ह्यांचं दहा नको, मी साडेसातला जेवणार आणि रेडिओ लावून जेवणार.

मी तिच्याकडे बघतच राहिले. दिसलं नाही फारसं, पण बघत राहिले. या घरात एवढं तोंड वर करून माझ्याखेरीज कोणी बोललेलं नव्हतं. त्या दिवसापासून साडेसातला वर रेडिओ वाजतो. खाली मशीनवर ऐकू येतो.

तू परत सल्ले दे. पण विचारून दे. ज्याला टोचायचं त्याला आधी विचारावं, तुमच्या सिस्टरनं शिकवलं नाही का? लोभाला माझ्याकडे उपास नाही.
तुझी आजी

घर, १९ जून

चि. टाचणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

ऑपरेशननंतरची तुझी तिन्ही पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही, कारण आधी डोळ्यावर पट्टी होती, मग लिहिणं-शिवणं बंद होतं, आणि दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं मला जमत नाही. मी सांगते एक आणि तुझा बाप लिहितो सभ्य.

वीस मेला रक्त दिलं. सात पूर्णांक आठ. डोळ्याच्या डॉक्टरनं कागद दोनदा वाचला, विचारलं कसं केलंत. मी म्हटलं जेवले. डॉक्टरीणबाई म्हणतात अर्धं श्रेय नव्या गोळीला द्या. देते. पण बोट मी टोचलं, दहाला भाताच्या वासात रिकामी मी बसले. तुझा बाप समोर भुरके मारत होता तेव्हा गोळी येऊन बसली नव्हती.

अठ्ठावीसला उजवा डोळा केला. इस्पितळात जेवणाची गाडी आठला आली. मी परत पाठवली. तिथली नर्स म्हणाली असं चालत नाही आजी, सगळ्यांना याच वेळेला मिळतं. मी म्हटलं, माझी नात तुमच्यातलीच आहे, तिच्याशी भांडा, आणि तुझ्या आईनं सहाला आणलेला रिकामा डबा तिला दाखवला.

पट्टी काढली. पहिली गोष्ट दिसली ती डॉक्टरच्या कोटाचं काज. मशीनचं होतं, दोरा सुटलेला. सांगितलं त्याला.

तीन आठवडे शिवायचं नाही म्हणून घातलेली मुदत काल संपली. सकाळी खाली गेले. तुझ्या बापानं मशीनवाल्याला अजून काम दिलं नव्हतं. का दिलं नाहीस विचारलं तर म्हणे विसरलो. कटिंगमास्तर दुसरीकडे बघायला लागला. मी कात्री सरकवली, सुई घेतली, चिंधीवर एक काज करून पाहिलं. हात विसरलेला नाही.

मग आधीचं काम बघावं म्हणून मागच्या दांडीवरचे तयार कोट काढले, तीन गिऱ्हाइकं न्यायला आलीच नव्हती ते. गेल्या हिवाळ्यातली माझी काजं. टाचणी, काय सांगू. काप जागेवर, पण टाके कुठे दाट कुठे विरळ, कडा पिंजलेल्या. दारू पिऊन केल्यासारखी. आणि हे असलं मी वर्षभर लोकांच्या अंगावर घालून पाठवलं! वकिलाचा कोट तरी चुकीचा कापला म्हणून कळला. ही तर सगळ्यांना दिसत होती. तुझ्या बापाला दिसत होती, मास्तराला दिसत होती, घेऊन जाणाऱ्यालाही दिसत असणार.

मी मापाची वही काढायला लावली. गेल्या वर्षभरात ज्यांनी कोट नेले त्या सगळ्यांना निरोप पाठव म्हटलं, काजं उसवून नवीन करून देते, एक पैसा न घेता. अठ्ठावन्न कोट आहेत. तुझ्या बापानं डोकं धरलं. म्हणाला, आई, कशाला, वर्ष झालं, एकानंही तक्रार केलेली नाही.

मी म्हटलं, तक्रार केली नाही म्हणून वाकडं सरळ होत नाही.

तुझी आई तिथेच बटणं लावत बसली होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. ओठाच्या कोपऱ्यात हसली होती. मला आता तेवढं दिसतं.

कळावे. लोभ धर, आणि धरलास तर घट्ट धर.
तुझी आजी